मुलाने सांगितलेली दुःखाची गोष्ट



दिवसभराचे ऊन ओसरल्यावर चार घटका काही चांगले कानांवर पडावे म्हणून आपण इथे जमता. अशा प्रसन्न वेळी मी आपल्यापुढे मृत्यूची कथा घेऊन उभा राहिलो आहे, आणि तीही परदेशातल्या एका इंग्रजी कादंबरीतली. याबद्दल कोणाच्या मनात थोडी नाराजी असली तर ती मी समजू शकतो. पण खरे पाहता मृत्यू हा माझा विषय नाही. घरातले माणूस गेल्यावर जे मागे राहतात त्यांचा हा विषय आहे; आणि त्यांतही जो सर्वांत लहान असतो, ज्याला कोणी काही विचारत नाही आणि ज्याला कोणी काही सांगत नाही, त्याचा आहे.

आपल्या घरांतून अशा वेळी काय घडते ते आठवून पाहा. घरात कोणी गेले की मोठ्या माणसांना एकाएकी शंभर कामे लागतात. कोणी डॉक्टरांच्या दाखल्यासाठी धावतो, कोणी नातेवाइकांना कळवतो, कोणी सामान आणायला जातो. बायका रडतात, पुरुष डोळे पुसून पुढच्या तयारीला लागतात. या गर्दीत सहा-सात वर्षांचे एखादे पोर दाराच्या चौकटीला धरून उभे असते. मध्येच कोणाचे तरी लक्ष जाते आणि तो म्हणतो, "अरे, याला शेजारी नेऊन बसवा. त्याला काय कळतंय?" मग शेजारच्या काकू त्याला हाताला धरून नेतात, काहीबाही खायला देतात आणि त्याने विचारलेच तर सांगतात, "बाबा देवाघरी गेलेत हं." देवाचे घर नेमके कुठे आहे, तिथून परत यायला किती दिवस लागतात, जाताना बाबा सांगून का गेले नाहीत, हे पुढचे प्रश्न त्या पोराच्या घशात तसेच राहतात. काकूंच्या डोळ्यांत पाणी पाहून ते विचारायचे थांबते. लक्षात घ्या, ते थांबते ते उत्तर मिळाले म्हणून नव्हे. काकू रडू नयेत म्हणून थांबते.

"त्याला काय कळतंय?" या प्रश्नाचा विचार जगभरच्या कादंबरीकारांनी केला आहे. त्यासाठी त्यांनी ज्या वाटा काढल्या त्या मला ढोबळ मानाने तीन दिसतात.

पहिली वाट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी ती डोळे पुसत वाचली. तीत आई जाते, आणि श्याम शिक्षणासाठी दूर असल्यामुळे तिची अखेरची भेटही त्याला होत नाही. पण ही गोष्ट सांगणारा श्याम आता मोठा झाला आहे. आश्रमातल्या मित्रांना तो रात्री आठवणी सांगतो. आईच्या प्रत्येक कृतीचा अर्थ त्याला आता उमगलेला आहे, आणि तो अर्थ तो आपल्या हाती देतो. दुःख तिथे आहेच, पण ते वर्षानुवर्षे मनात मुरलेले आहे. म्हणून आपल्याला रडूही येते आणि आधारही वाटतो.

दुसरी वाट जेम्स एजी या अमेरिकन लेखकाची. त्याच्या 'अ डेथ इन द फॅमिली' या कादंबरीतला रूफस सहा वर्षांचा आहे. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी हे कुटुंब राहते. आजोबांची प्रकृती बिघडल्याचा निरोप येतो, म्हणून रूफसचे वडील रात्रीच मोटार घेऊन निघतात, आणि परत येताना मोटारीच्या सुकाणूतली एक लहानशी खीळ निखळून अपघातात जागच्या जागी मरण पावतात. १९१६ साली एजी स्वतः सहा वर्षांचा असताना त्याचे वडील असेच मोटार अपघातात गेले होते. हा माणूस पुढे कित्येक वर्षे त्या एका घटनेभोवती लिहीत राहिला. १९५५ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत बसलेला असताना हृदयविकाराने मरण पावला. कादंबरी अपुरीच राहिली होती. ती १९५७ साली निघाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

एजी रूफसच्या तोंडून बोलत नाही. तो त्याच्या शेजारी उभा राहतो आणि त्याच्या उंचीवरून जग पाहतो. या कादंबरीतला एक भाग प्रत्येक आईबापाने वाचावा असा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मुलांना बातमी सांगते. ती श्रद्धाळू बाई आहे. ती देवाचे नाव घेऊन, स्वर्गाच्या भाषेत सांगते. आणि रूफसची धाकटी बहीण, जी अजून चार वर्षांचीही नाही, ती गोंधळून जाते. नंतर घरातली एक वडीलधारी बाई, हॅना, मुलांना जवळ बसवून साध्या शब्दांत सांगते, की मोटारीचा अमुक भाग सुटला, गाडी उलटली, हनुवटीला मार बसला. मुलांना हे कळते. दुःख कमी होत नाही, पण पायाखाली जमीन येते. आणि मग तो सहा वर्षांचा रूफस काय करतो? रस्त्यावर जातो आणि शाळेत निघालेल्या मोठ्या मुलांना आपले वडील मेल्याची बातमी थोड्याशा ऐटीत सांगतो! आज त्याच्याकडे सर्वांचे लक्ष आहे, याची त्याला धन्यता वाटते; आणि लगेच त्या धन्यतेची लाजही वाटते. मोठा झालेला श्याम ही गोष्ट कदाचित सांगणार नाही. पण लहान मुलाचे दुःख असे असते. त्याच्या शेजारीच खेळ असतो, भूक असते, नव्या टोपीचा आनंदही असतो.

तिसरी वाट सर्वांत अवघड, कारण तिथे लेखक पूर्णपणे बाजूला होतो आणि मूल स्वतःच बोलू लागते. आपल्याकडे प्रकाश नारायण संतांनी 'वनवास' आणि त्यापुढच्या पुस्तकांत लंपनला त्याच्याच भाषेत बोलू दिले, तेव्हा मराठी वाचकाला या वाटेची गोडी कळली. मी ज्या कादंबरीविषयी आज विस्ताराने बोलणार आहे ती याच वाटेने जाते. जोनाथन सफ्रान फोअर या लेखकाची ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज'. मराठीत सांगायचे तर, कानठळ्या बसतील इतके मोठ्याने आणि विश्वास बसणार नाही इतके जवळ.

गोष्ट सांगणारा मुलगा ऑस्कर शेल नऊ वर्षांचा आहे. न्यूयॉर्क शहरात आईबरोबर राहतो. समोरच्या इमारतीत आजी राहते. त्याचे वडील थॉमस यांचा पिढीजात जवाहिराचा धंदा. मुलाला रोज रात्री गोष्ट सांगणारे, वर्तमानपत्रातल्या चुका त्याच्याबरोबर शोधणारे, त्याच्यासाठी कोडी रचणारे असे ते वडील. २००१ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेला, मंगळवारी, एका बैठकीसाठी ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अगदी वरच्या मजल्यांवरील उपाहारगृहात गेले होते. त्या सकाळी काय झाले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. अपहरण केलेली विमाने त्या दोन मनोऱ्यांवर आदळवण्यात आली, आणि न्यूयॉर्कमध्ये २७५३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांचे कसलेही अवशेष वीस वर्षांनंतरसुद्धा ओळखता आले नव्हते. ऑस्करच्या वडिलांचेही काही सापडत नाही. तेव्हा घरची मंडळी रिकामी शवपेटीच पुरतात. ऑस्करला हे पटत नाही. पेटीत कोणी नाही, हे सर्वांना माहीत असताना सर्वांनी काळे कपडे घालून तिच्याभोवती का उभे राहायचे, हा त्याचा प्रश्न आहे. आणि त्याला कोणी नीट उत्तर देत नाही.

वडिलांच्या मृत्यूला वर्ष उलटल्यावर एके दिवशी वडिलांच्या कपाटात एक निळी फुलदाणी ऑस्करच्या हातून फुटते. आत एक लहानसे पाकीट, पाकिटात एक किल्ली, आणि पाकिटावर 'ब्लॅक' एवढा एकच शब्द. मुलाची खात्री होते की हे वडिलांनी रचून ठेवलेले शेवटचे कोडे आहे. ब्लॅक हे आडनाव असले पाहिजे. तो शोध घेतो, तेव्हा त्या अफाट शहरात या आडनावाची ४७२ माणसे २१६ पत्त्यांवर राहतात असे त्याला आढळते. तो ठरवतो, एकेकाच्या दारी जायचे आणि विचारायचे. सुटीच्या दिवशी हा नऊ वर्षांचा मुलगा एकटा घराबाहेर पडू लागतो. आगगाडीची भीती, पुलाची भीती, उंच इमारतींची भीती; म्हणून तो पायी चालतो, आणि धीर यावा म्हणून हातातली खंजिरी वाजवत राहतो.

आता या मुलाच्या बोलण्यातली गंमत पाहा. तो सतत शोध लावत असतो. वडिलांच्या आवाजात शीळ घालणारी चहाची किटली करावी. उद्वाहक जागच्या जागी ठेवून इमारतच वरखाली होईल अशी योजना करावी, म्हणजे विमान आदळले तरी वरच्या मजल्यावरचा माणूस जमिनीवर येईल. शहरातल्या प्रत्येक उशीखाली एक नळी बसवावी, रात्री रडणाऱ्यांचे अश्रू एका तलावात साठावेत, आणि त्या तलावाची पातळी रोज सकाळी हवामानाच्या बातम्यांबरोबर सांगितली जावी. ऐकताना आपण हसतो. आणि हसता हसता लक्षात येते, की यातला एकही शोध निव्वळ गंमत नाही. प्रत्येकाच्या मुळाशी तो मंगळवार आहे. मोठा माणूस म्हणेल, "मला त्यांची आठवण येते." ऑस्कर किटलीविषयी बोलतो. मन उदास झाले की तो म्हणतो, माझे बूट जड झाले. त्याच्याजवळ दुःखाचे शब्द नाहीत, वस्तू आहेत.

श्रोतेहो, मुलाच्या तोंडून गोष्ट सांगण्यातले मर्म इथे आहे. निवेदक कमी जाणतो आणि वाचक जास्त जाणतो. मूल जे पाहते ते प्रामाणिकपणे सांगते, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. तो आपण लावायचा असतो. आणि अर्थ लावता लावता आपण त्या मुलाला मनोमन जवळ घेतो. कादंबरीतल्या कोणत्याही मोठ्या माणसाने जे केले नाही ते वाचकाला करावे लागते.

याचे एक उदाहरण सांगतो. आईचा रॉन नावाचा एक मित्र घरी येऊ लागतो. बैठकीच्या खोलीतून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज ऑस्करला ऐकू येतो. बाबांना जाऊन वर्ष झाले नाही तोच आई हसते कशी, या विचाराने तो पेटतो. एकदा भांडणाच्या भरात तो आईला असे बोलून जातो, की दोघांतले कोण जावे हे माझ्या हाती असते तर मी तुझे नाव सांगितले असते. हे बोलणे ऐकवत नाही. पण पुढे फार उशिरा त्याला समजते, की रॉनची बायको आणि मुलगी मोटार अपघातात गेल्या आहेत. आप्त गमावलेल्या माणसांच्या मेळाव्यात त्याची आणि आईची भेट झाली होती. म्हणजे ज्या हसण्याचा त्याला राग आला, ते दोन दुःखी माणसांनी एकमेकांना दिलेल्या आधाराचे हसणे होते. पण हे त्याला कोणी आधी सांगितले होते काय? नाही. तो लहान आहे, त्याला काय कळतंय!

आणि ऑस्करपाशीही एक गुपित आहे. कादंबरीत ते आपल्याला थोडे थोडे करून कळते. त्या सकाळी शाळा लवकर सुटली होती. तो घरी आला तेव्हा घरात कोणी नव्हते, आणि दूरध्वनीला जोडलेल्या यंत्रावर वडिलांचे निरोप साठलेले होते. पहिल्या निरोपात सर्व ठीक आहे, काळजी करू नका, असा सूर. मग हळूहळू तो बदलत जातो. निरोप ऐकून होतात न होतात तोच, १० वाजून २२ मिनिटांनी, दूरध्वनी पुन्हा वाजतो. वडीलच असणार. मुलगा समोर उभा आहे, आणि त्याच्याने तो उचलवत नाही. यंत्र चालू होते. पलीकडून वडील एवढेच विचारतात, की तिथे कोणी आहे का. पुन्हा पुन्हा तेच विचारतात. १० वाजून २८ मिनिटांनी तो मनोरा कोसळला.

नंतर हा मुलगा आईने ते निरोप ऐकू नयेत म्हणून तसाच दुसरा दूरध्वनी विकत आणून जागेवर ठेवतो आणि जुना कपाटात लपवतो. आता त्याने हे का केले ते पाहा. आपण उचलला नाही याची लाज, हे एक कारण. पण दुसरे कारण त्याहून मोठे आहे. आईला त्रास होईल म्हणून. नऊ वर्षांचे मूल आईचे रक्षण करते आहे! रात्री ते स्वतःला चिमटे घेऊन अंगावर काळेनिळे डाग करून घेते, पण बोलत नाही.

इथे ही कादंबरी मला आपल्या प्रत्येकाच्या घरात शिरताना दिसते. कारण त्या घरात एकटा ऑस्करच काही लपवतो असे नाही. आईही लपवते. त्या सकाळी नवऱ्याने तिलाही दूरध्वनी केला होता. आपण इमारतीतून बाहेर पडलो आहोत, रस्त्यावर आहोत, घरी येतो आहोत, असे त्याने सांगितले होते. ते खोटे होते. तिला काळजी वाटू नये म्हणून तो खोटे बोलला, आणि तो खोटे बोलतो आहे हे तिलाही कळले होते. मरणाच्या दारात असलेला माणूस बायकोला जपण्यासाठी खोटे बोलतो, बायको ते मुलापासून लपवते, मूल आईपासून निरोप लपवते. प्रत्येकाने दुसऱ्यावरच्या मायेपोटी तोंड मिटले आहे. आणि त्यामुळे एकाच छपराखाली तीनही माणसे, गेलेला धरून, वेगवेगळ्या खोल्यांत एकटी पडली आहेत. दुःख कुटुंबाला जवळ आणते असे आपण म्हणतो. नेहमीच आणते असे नाही. एकमेकांना जपण्याच्या नादात ते घराच्या भिंती जाड करते.

फोअरने हाच धागा दोन पिढ्या मागे नेला आहे. सबंध कादंबरी ऑस्करच सांगत नाही. मधून मधून आजी आणि आजोबा यांची पत्रे येतात. ही दोघे मूळची जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातली. १९४५ सालच्या फेब्रुवारीत त्या शहरावर ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी बॉम्बवर्षाव केला, त्यात सुमारे पंचवीस हजार माणसे गेली. त्या आगीत आजोबांची प्रेयसी ॲना, पोटातल्या मुलासह, नाहीशी झाली. अमेरिकेत आल्यावर आजोबांचा एकेक शब्द हरवत गेला, आणि पहिला शब्द हरवला तो तिचे नाव. शेवटी ते मुके झाले. एका तळहातावर 'हो' आणि दुसऱ्यावर 'नाही' असे गोंदवून घेऊन ते जगू लागले. त्यांनी ॲनाच्याच बहिणीशी लग्न केले. ती ऑस्करची आजी. ती टंकयंत्रावर आपले आयुष्य लिहिते, पण यंत्रात फीत नसते, पाने कोरीच निघतात. तिची दृष्टी अधू आहे, तिला हे दिसत नाही, असे समजून आजोबा कोरी पाने वाचल्यासारखे करतात. आणि आजीचे पत्र सांगते, की तिने लिहिण्याचे नुसते सोंग केले होते! मूल होणार असे कळताच आजोबा घर सोडून जातात. पुढे ते त्या मुलाला पत्रे लिहीत राहतात, मात्र पाठवतात ती रिकामी पाकिटे. तो मुलगा म्हणजे ऑस्करचे वडील. तेव्हा मुक्या माणसाच्या घरी हे मुकेपण वारशानेच आलेले आहे.

या कादंबरीवर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या मानाने ऑस्कर फार हुशार आहे, तो शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना पत्रे लिहितो, अशी मुले असतात कुठे, असे काही टीकाकारांनी विचारले. पुस्तकात छायाचित्रे, कोरी पाने, एकमेकांवर छापून काळ्या झालेल्या ओळी आहेत. शेवटी तर मनोऱ्यावरून पडणाऱ्या माणसाची चित्रे अशा क्रमाने छापली आहेत, की पाने भरभर उलटली तर तो माणूस खाली पडण्याऐवजी वर जाताना दिसतो. खऱ्या माणसांच्या मरणाचा असा खेळ करावा काय, असाही प्रश्न आला.

यातला पहिला आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. काही ठिकाणी मुलाच्या तोंडून लेखकाचा चतुरपणा बोलतो हे खरे, आणि तिथे रूफसचे साधेपण मला अधिक जवळचे वाटते. पण ऑस्करची माहितीची हाव हा त्याच्या दुःखाचाच एक भाग आहे, हेही विसरून चालणार नाही. ज्याला एकच गोष्ट कळत नाही, बाबा नेमके कसे गेले ही, तो बाकीच्या हजार गोष्टी जाणून घेत सुटतो. आणि चित्रांविषयी म्हणाल, तर घडून गेलेले उलट्या क्रमाने परत फिरावे असे कोणत्या मुलाच्या मनात आले नसेल? आपण मोठी माणसे तसे बोलत नाही इतकेच.

आता त्या किल्लीचे काय झाले ते सांगतो, नाहीतर आपण मला घरी जाऊ देणार नाही. आठ महिने दारोदार फिरल्यावर किल्लीचा मालक सापडतो. विल्यम ब्लॅक हे त्याचे नाव. ती किल्ली त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी मागे ठेवली होती. फुलदाणी विकली गेली, आणि ऑस्करच्या वडिलांनी ती बायकोसाठी विकत घेतली. किल्लीची त्यांना कल्पनाही नव्हती. म्हणजे कोडे नव्हतेच. वडिलांचा निरोप नव्हताच. इतकी पायपीट करून हाती काय आले? पण त्या दिवशी एक गोष्ट घडते. या जवळजवळ अनोळखी माणसाला ऑस्कर दूरध्वनीची सारी हकीकत सांगतो, आणि मला क्षमा करता का, असे विचारतो. आईपाशी जे बोलता येत नव्हते ते तो परक्यापाशी बोलतो. का? परक्याला जपावे लागत नाही, म्हणून. आपल्या लोकांपुढे आपण धीर धरतो आणि प्रवासात भेटलेल्या माणसापाशी मन मोकळे करतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

आणखीही एक उलगडा होतो. आईला हे सगळे ठाऊक होते. मुलगा कोणाच्या दारी जाणार याचा अंदाज घेऊन ती आधीच त्या त्या घरी दूरध्वनी करून ठेवत असे. म्हणूनच दारे इतकी सहज उघडत होती. ही आई मला थोर वाटते. तिने त्याला अडवले नाही. त्याला शोध घेऊ दिला आणि न दिसता त्याच्यापुढे चालत राहिली. पण तिचे हे प्रेमसुद्धा मुकेच होते. त्यामुळे आठ महिने मुलाची समजूत अशी, की आई माझी चौकशीच करीत नाही, तिला माझे काही नाही. नुसते प्रेम असून भागत नाही. ते मुलाला कळेल अशा रीतीने बोलावेही लागते.

अखेरीस ऑस्कर एका रात्री परत आलेल्या आजोबांबरोबर स्मशानात जातो, आणि दोघे मिळून ती रिकामी शवपेटी उकरून उघडतात. आजोबा तिच्यात आपण मुलाला लिहिलेली, कधीच न धाडलेली पत्रे भरतात. रिकाम्या पेटीबद्दलची ऑस्करची तक्रार त्याच्या परीने दूर होते. घरी आल्यावर आईशी बोलणे होते. नवऱ्याच्या त्या शेवटच्या दूरध्वनीची हकीकत ती त्याला सांगते. दोघेही रडतात. इतके दिवस ज्या गोष्टीला दोघे भीत होती, ती रडण्याची गोष्ट अखेर घडते आणि कोणाचे काही बिघडत नाही.

या शोधात ऑस्करला वरच्या मजल्यावरचा एक १०३ वर्षांचा म्हातारा भेटतो. तो पूर्वी युद्धवार्ताहर होता. जगातल्या हजारो माणसांची त्याने एकेक चिठ्ठी करून ठेवली आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या माणसाचे नाव आणि पुढे एकच शब्द. ऑस्कर तिथे वडिलांची चिठ्ठी शोधतो, ती मिळत नाही. पुष्कळ दिवसांनी त्याला तिथे स्वतःची चिठ्ठी सापडते. तिच्यावर त्याच्या नावापुढे शब्द आहे, मुलगा. वडील गेले तरी हा मुलगा राहिला आहे. त्याचे मुलगा असणे त्यांच्याबरोबर संपलेले नाही, एवढे त्या एका शब्दाने त्याला सांगितले.

मित्रहो, कादंबरी वाचून संसाराचे नियम ठरवता येत नाहीत, आणि मुलांना मृत्यू कसा समजावावा याचा धडा द्यायला मी इथे आलेलो नाही. प्रत्येक घराची भाषा वेगळी, श्रद्धा वेगळी. 'देवाघरी गेले' हे शब्दही वाईट नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी मोठ्यांना आधार दिला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की तिथे थांबू नये. त्या शब्दांनंतर मुलाच्या शेजारी बसावे, आणि हॅनाने केले तसे, काय झाले ते त्याला पेलेल इतक्या साध्या शब्दांत सांगावे. त्याने तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहा वेळा उत्तर द्यावे. आपल्या डोळ्यांत पाणी आले तर त्याला दिसू द्यावे, म्हणजे रडायला बंदी नाही हे त्याला कळेल. आणि ते खेळायला धावले, खिदळले, नवी टोपी घालून मिरवले, तर "याला काहीच वाटत नाही" असा शिक्का त्याच्यावर मारू नये. कदाचित त्याच्या कपाटातही काही लपवलेले असेल.

"त्याला काय कळतंय?" असे आपण म्हणतो. या कादंबऱ्यांनी दिलेले उत्तर असे, की घटनेचा अर्थ त्याला कळत नसेल, पण घटना त्याच्यापर्यंत पूर्ण पोहोचलेली असते. आणि अर्थ सांगणारे कोणी नसले की तो आपला आपण अर्थ लावतो. तो अर्थ बहुधा एकच असतो, की चूक माझी होती. या गैरसमजातून एक मूल जरी सुटले, तरी कादंबरी वाचण्याचे आणि तिच्याविषयी तासभर बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.